बाकीच्या आयांना का नाही सांगितलं?

जानेवारीचा पहिला रविवार म्हणजे आमच्याकडे तीन राजांचा सण. सकाळचा मिस्सा संपला की चर्चच्या शाळेत पहिल्या मजल्यावर संडे स्कूल भरतं आणि तिसरी-चौथीतली बावीस मुलं तासभर माझ्या ताब्यात असतात. चर्च अंधेरी पूर्वेचं. त्यामुळे वर्ग कागदोपत्री इंग्रजीत, भांडणं हिंदीत, आणि गावठाणातली चार-पाच मुलं माझ्याशी घरच्या मराठीत बोलतात, कारण त्यांच्या आज्या माझ्या आजीला ओळखायच्या.

त्या दिवशीचा धडा सोपा होता. पूर्वेकडून राजे येतात, यरुशलेमात हेरोदाकडे बाळाची चौकशी करतात, हेरोद घाबरतो. मग योसेफाच्या स्वप्नात देवदूत येतो आणि सांगतो, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसर देशात पळ. पुस्तकात सुंदर चित्र आहे. गाढव, निळ्या वस्त्रातली मरिया, वर चांदणं आणि लांबवर दोन पिरॅमिड. हेरोदाबद्दल एकच ओळ, की तो दुष्ट राजा होता. पुढच्या पानावर तिघं सुखरूप परत येतात.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "पळाले नसते तर काय झालं असतं?" आणि मी पुस्तकात नव्हतं ते सांगून टाकलं. हेरोदाने बेथलेहेम आणि आसपासची दोन वर्षांखालची सगळी मुलं मारली.

वर्ग गप्प झाला. एरवी दुसऱ्यांची स्केचपेनं ढापण्यात गुंतलेली दोन वेण्यांची एक मुलगी माझ्याकडे बघत होती.

"सर, देवदूताने बाकीच्या आयांना का नाही सांगितलं?"

मला लहानपणी जे उत्तर मिळालं होतं तेच माझ्या तोंडून आलं. "ती बाळं सरळ स्वर्गात गेली. देवाने त्यांना जवळ घेतलं."

तिने जरा विचार केला. "मग येशूलाही न्यायचं ना. त्यालाच का वाचवलं?"

घंटा वाजली. मी सुटलो म्हणायचं. संध्याकाळी एका दुसऱ्या मुलाच्या आईचा मेसेज आला: मुलगा दुपारपासून गप्प आहे, एवढ्या लहान मुलांना असलं कशाला सांगता? मी "सॉरी" टाइप केलं, हात जोडल्याचा इमोजी टाकला. आणि मग रात्री लक्षात आलं की एका दिवसात माझ्याबद्दल दोन तक्रारी झाल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एकीचं म्हणणं, मी जास्त खरं सांगितलं. दुसरीचं म्हणणं, तिने ते तक्रार म्हणून मांडलं नाही एवढंच, की मी खोटं सांगितलं.

गेले काही महिने मी या दुसऱ्या तक्रारीचा विचार करतो आहे.

आधी हे सांगायला हवं की येशूच्या बालपणाबद्दल शिकवायला हातात फारसं काही नसतंच. शुभवर्तमानं चार आहेत. मार्क आणि योहान बालपणाचं नावही काढत नाहीत, त्यांचा येशू मोठा होऊनच समोर येतो. मत्तय तीन राजे, हेरोद आणि मिसर देश सांगतो. लूक गोठा, मेंढपाळ, आठव्या दिवशीची सुंता, मंदिरात केलेलं अर्पण सांगतो, मग बाराव्या वर्षाची एक गोष्ट, आणि नंतर तिशीपर्यंत शांतता. सगळं मिळून मोबाईलवर आठ-दहा वेळा अंगठा फिरवला की संपतं.

मुलांना ही शांतता चालत नाही. येशूला पाढे यायचे का? तो शाळेत जायचा का? त्याला कोणी चिडवायचं का? अंथरुण ओलं करायचा का, हा प्रश्न तर दरवर्षी येतो आणि दरवर्षी वर्ग पाच मिनिटं हसतो. पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती माणसांनाही हेच प्रश्न पडले असणार, कारण दुसऱ्या शतकात कोणीतरी ते भरून काढायला बसलं. थोमाच्या नावाने ओळखलं जाणारं एक बालपणाचं शुभवर्तमान आहे. चर्चने ते बायबलमध्ये कधी घेतलं नाही. त्यात पाच वर्षांचा येशू शब्बाथाच्या दिवशी चिखलाच्या बारा चिमण्या बनवतो आणि टाळी वाजवून त्या उडवून लावतो. मातीच्या पाखराची ही गोष्ट इतकी पसरली की कुराणातही तिचा उल्लेख आहे. पण त्याच पुस्तकात एक मुलगा पळताना येशूच्या खांद्याला धडकतो आणि येशूच्या शापाने तिथेच मरून पडतो. आईबाप तक्रार घेऊन येतात तर आंधळे होतात. शिकवायला आलेला मास्तर पहिल्याच अक्षराला गार होतो. पुढे हा मुलगा सगळ्यांना बरं करतो, पण तोवर गल्ली त्याला घाबरून असते. ज्याच्या हाती सगळी ताकद आहे असा पाच वर्षांचा मुलगा कसा वागेल, याची ही अगदी प्रामाणिक कल्पना वाटते मला. कोणत्याही आईला विचारा.

आमच्या मुलांना ही गोष्ट सांगितली तर ती म्हणतील, हे तर कृष्णासारखं. कृष्ण त्यांना पाठ आहे. बिल्डिंगीत गोकुळाष्टमीला थर लावणाऱ्यांत तीही असतात, आणि बालपण म्हटलं की लोणी चोरणं, मडकी फोडणं, आईने बांधून घालणं हे त्यांना ठाऊक असतं. या मातीत देवाला बालपण नसणं ही चमत्कारिक गोष्ट आहे. फादर थॉमस स्टीफन्सला हे चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला, साष्टीत राहिला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं क्रिस्तपुराण छापून झालं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. पाद्र्यांनी जुनी पुराणं बंद केली होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांची मागणी होती, की त्या जागी आम्हाला दुसरं काही ऐकायला द्या. त्यामागे बंदीची सक्ती होती हे विसरू नये, पण मागणी मला फार ओळखीची वाटते. ज्यांनी पिढ्यानपिढ्या ओव्यांत देव वाढताना पाहिला होता त्यांना नुसती प्रश्नोत्तरी पुरणार नव्हती.

आज आमच्या पुस्तकात त्या शांततेच्या जागी काय भरलंय? मदत करणारा मुलगा. येशू योसेफाला रंधा देतो, मरियेसाठी पाणी भरतो, खेळणी वाटून घेतो, आईबाबांचं ऐकतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळायचा तो 'आदर्श बालक'चा तक्ता आठवतो? सकाळी लवकर उठतो, दात घासतो, थोरांना नमस्कार करतो. त्या मुलाला अंगरखा घातला की झाला आमचा नासरेथचा येशू. मुलांना तो आवडत नाही, आणि मुलं याबाबतीत सहसा चुकत नाहीत. त्यांना कळतं की हा मुलगा त्यांना काही सांगायला आलेला नाही, त्यांच्याकडून काही करवून घ्यायला आलेला आहे.

प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात हेच मांडलं होतं: आयांनी आणि दायांनी मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्यात ते आधी तपासून ठरवावं, देव आपसांत भांडतात असल्या गोष्टी गाळाव्यात. हेतू चांगलाच होता. पण मराठीत वाढलेल्या माणसाला याला उत्तर द्यायला फार लांब जावं लागत नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, पुस्तकांसाठी चोरी करतो. त्यातलं एकही पान तक्त्यावर लावता येणार नाही. पण आमच्या घरांत मुलं त्या श्यामसाठी रडली, तक्त्यासाठी कोणी रडल्याचं ऐकलं नाही.

येशूने चोरी केली असं मी शिकवू शकत नाही हे उघड आहे. तो निष्पाप होता असं चर्च मानतं, मीही मानतो. पण निष्पाप असणं आणि सगळं येत असणं या दोन गोष्टी आपण एकत्र करून टाकल्या आहेत. लूक दोनदा सांगतो की हा मुलगा ज्ञानात वाढत गेला. वाढत गेला म्हणजे आधी कमी होतं. इ.स. ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या धर्मसभेने तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस असल्याचं ठरवलं, आणि पूर्ण माणूस म्हणजे ज्याला बोलायला शिकावं लागलं, जो चालताना पडला. पाढ्यांचं उत्तर मी आता असं देतो: शिकेपर्यंत येत नव्हते.

आणि ती बाराव्या वर्षाची गोष्ट. आमच्या पुस्तकात तिचं नाव 'मंदिरातला हुशार येशू' अशा अर्थाचं आहे. लूकमध्ये ती मुळात एका हरवलेल्या मुलाची गोष्ट आहे. वल्हांडण सणासाठी सगळं गाव यरुशलेमला गेलेलं. परतताना आईबापांना वाटतं, असेल मागे कुठेतरी नातेवाइकांत. एक दिवसाची वाट चालून झाल्यावर कळतं की नाही. परत फिरतात. तिसऱ्या दिवशी तो सापडतो. विरार लोकलमध्ये ज्यांचं मूल पाच मिनिटं नजरेआड झालंय त्यांना या तीन दिवसांबद्दल वेगळं सांगायला नको. तो मंदिरात शास्त्र्यांच्या मध्ये बसलेला असतो, ऐकत आणि प्रश्न विचारत. त्याच्या उत्तरांचं सगळ्यांना नवल वाटतं हे पुढे येतंच, पण लूक आधी ऐकणं आणि विचारणं सांगतो. आई म्हणते, आम्हाला असं का छळलंस? तो उलट विचारतो, मला शोधत का होतात? आणि मग लूक सरळ लिहितो की तो काय म्हणाला ते त्या दोघांना समजलं नाही. त्यानंतर तो घरी जातो, त्यांच्या आज्ञेत राहतो, आणि आई ते सगळं मनात ठेवते.

म्हणजे शुभवर्तमानात येशूच्या तोंडचे पहिले शब्द हे प्रश्न आहेत, तेही आईला विचारलेले. आईला ते समजत नाहीत. ती समजल्याचं सोंग आणत नाही. या एकाच गोष्टीवर आपण संडे स्कूल उभं केलं आणि त्यात फक्त उत्तरं ठेवली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. पहिल्या रात्री मी काय केलं? सवयीप्रमाणे फोन काढला आणि इतिहास शोधला. सुटका करून घ्यायची होती. आणि सुटका मिळतेही. हेरोदाबद्दल सगळ्यात जास्त लिहिणारा इतिहासकार जोसेफस या हत्याकांडाबद्दल काही बोलत नाही. हेरोदाने स्वतःचे तीन मुलगे मारवले हे तो सविस्तर सांगतो, बेथलेहेमचं नाही. त्यामुळे बरेच अभ्यासक म्हणतात की हे घडलंच नसावं. बेथलेहेम एवढं लहान की घडलं असलं तरी वीसेक बाळं असतील.

वीसेक. हा आकडा वाचून मला क्षणभर हायसं वाटलं, आणि मग स्वतःची लाज वाटली. माझ्या वर्गात बावीस आहेत.

शिवाय जोसेफसच सांगतो की हेरोद मेल्यावर बंड झालं तेव्हा रोमन सेनापती वारुसच्या सैन्याने सेप्फोरिस जाळलं आणि तिथल्या माणसांना गुलाम केलं. हे गाव नासरेथपासून पाच-सहा किलोमीटरवर, म्हणजे मरोळ नाक्यापासून विलेपार्ले स्टेशन असेल तेवढं. बेथलेहेमात घडलं नसेलही, येशूच्या बालपणी त्याच्या शेजारच्या गावात घडलं. तेव्हा 'ही नुसती गोष्ट आहे' हे उत्तर त्या मुलीला देता येत नाही. आणि तिने इतिहास विचारलाच नव्हता. तिने विचारलं होतं, या गोष्टीतला देव असा का वागतो.

हा प्रश्न तिला पहिल्यांदा पडलेला नाही हे शोधताना कळलं, आणि त्याचा पत्ता माझ्या ऑफिसच्या आवारात निघाला.

सीप्झमध्ये काम करणाऱ्यांना ते पडकं चर्च माहीत असेल. पोर्तुगीज काळातलं, १५७९ चं. स्टीफन्स गोव्यात उतरला तेच साल. १८४० च्या सुमाराला साथ आली, वस्ती उठली, चर्च मरोळला हललं आणि मूर्ती नि बाप्तिस्म्याचं कुंडही तिकडे नेलं. पुढे १९७३ मध्ये भोवती निर्यात क्षेत्र झालं, आणि आता काचेच्या इमारतींच्या मधोमध त्या काळ्या भिंती उभ्या आहेत. वर्षातून एकदा तिथे मिस्सा होतो. एरवी गेटवर कार्ड दाखवणाऱ्या आमच्यासारख्यांनाच ते दिसतं, आणि आम्ही चहाचा कप हातात घेऊन त्याच्याकडे पाठ करून उभे असतो. ते चर्च बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं.

योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. म्हणजे हेरोदाची माणसं आली तेव्हा तोही दोन वर्षांच्या आतला. त्याला कोणी वाचवलं? बायबल काही सांगत नाही. पण दुसऱ्या शतकातल्या, याकोबाच्या नावावर चालणाऱ्या एका पुस्तकात उत्तर आहे. योहानाची आई एलिशिबा त्याला घेऊन डोंगरात पळते. म्हातारी बाई, चढवत नाही. ती डोंगरालाच विनवते, आणि डोंगर दुभंगून मायलेकरांना पोटात घेतो. योहान कुठे आहे हे न सांगितल्यामुळे त्याचा बाप जखऱ्या मंदिरात मारला जातो.

मला ही कथा वाचून त्या अनाम लेखकाबद्दल जिव्हाळा वाटला. त्यालाही कोणीतरी वर्गात हात वर करून विचारलं असणार. आणि त्याने माझ्यासारखंच केलं: एक बाळ आणखी वाचवलं आणि यादी बंद केली. डोंगर एकासाठी उघडला, तर बाकीच्या आयांसाठी का नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

कृष्णाच्या गोष्टीतही ती यादी आहेच. देवकीची सहा मुलं आधी मेली. आणि ज्या रात्री वसुदेव टोपली घेऊन यमुना ओलांडतो, त्या रात्री परतीच्या टोपलीत यशोदेची मुलगी असते. कंस तिलाच शिळेवर आपटायला उचलतो. ती देवी होती, हातातून निसटून आकाशात गेली असं आपण सांगतो. ती 'सरळ स्वर्गात गेली' असं मीही सांगितलंच होतं. सगळ्या धर्मांच्या आज्यांकडे हे वाक्य तयार असतं.

माझ्या आजीकडे त्याचं स्थानिक रूप होतं. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक (नाव १८८७ मध्ये घेतलेलं, ईस्ट इंडिया कंपनीवरून, दिशा बघू नका). आमच्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी क्रूस असतात. त्यातले कित्येक १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यानंतर उभारलेले. आजी सांगायची, आमच्या आळीत क्रूस उभा केला आणि साथ तोंडाशी येऊन परत गेली. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. विचारलं, "आणि पलीकडच्या आळीत नव्हता क्रूस?"

"होता," आजी म्हणाली, आणि बोंबील साफ करायला लागली.

मला वाटतं या विषयावर मी ऐकलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर हेच. ती पुढे काही जोडू शकली असती. पलीकडच्यांची श्रद्धा कमी होती, ते दारू प्यायचे, देवाची काही योजना असेल. तिने जोडलं नाही. क्रूसाला ती रोज संध्याकाळी मेणबत्ती लावायची. २०२० मध्ये माझे वडील अकरा दिवस हॉस्पिटलात काढून परत आले तेव्हा घरच्या ग्रुपवर 'देवाने वाचवलं'चे शंभर मेसेज आले आणि आम्ही आभाराचा मिस्सा सांगितला. वडील एवढंच म्हणाले, "माझ्या बाजूच्या बेडवरच्याची बायको पण रोझरी म्हणत होती." त्यांनी मिस्सा रद्द करायला नाही सांगितलं. पुढच्या महिन्यात त्या माणसाच्या नावानेही एक सांगितला.

आभार मानण्यात खोटं काही नाही. खोटं सुरू होतं 'कारण' या शब्दापासून. आम्ही वाचलो कारण. ती बाळं गेली कारण. मी वर्गात 'कारण' म्हणालो नव्हतो, पण माझ्या वाक्यात ते दडलेलं होतं: मरणं त्यांच्या भल्याचंच ठरलं. आठ वर्षांच्या मुलीने ते ताबडतोब उघडं केलं. स्वर्ग एवढा चांगला असेल तर पळायचं कशाला? दोस्तोयेव्स्कीचा इव्हान कारामाझोव्ह याच जागी अडतो. पुढे कधीतरी सगळं सुरळीत होणार असेल, पण त्याची किंमत एका मुलाचे अश्रू असतील, तर हे तिकीट मी परत करतो, असं त्याचं म्हणणं. तिने तिकीट परत केलं नाही. तिने फक्त हिशेब तपासला.

आणि मत्तय स्वतः? इथे मला एका शब्दाने चकित केलं. मत्तयाची सवय अशी की प्रत्येक घटनेनंतर जुन्या करारातलं वचन आणायचं आणि म्हणायचं, हे वचन पूर्ण व्हावं म्हणून असं घडलं. मिसर देशाला पळण्याबद्दल तो तसंच लिहितो, नासरेथला राहायला जाण्याबद्दलही. मधे बाळांच्या हत्येपाशी मात्र मूळ ग्रीकमध्ये 'व्हावं म्हणून' नाही. तिथे नुसतं 'तेव्हा' आहे: तेव्हा ते वचन पूर्ण झालं. असंच त्याने आणखी एका ठिकाणी केलंय, यहुदाच्या चांदीच्या नाण्यांपाशी. या दोन गोष्टी देवाने घडवून आणल्या असं लिहायला त्याचा हात उचलला नाही. वचन तरी त्याने कोणतं निवडलं? मुलांसाठी रडणाऱ्या राहेलीचं, जी सांत्वन करून घ्यायला तयार नाही. चर्च २८ डिसेंबरला, नाताळनंतर तिसऱ्याच दिवशी, या बाळांचा सण पाळतं आणि त्यांना संत मानतं. पण मत्तय त्या आयांना गप्प करत नाही. एका राहेलीला रडायला जागा देतो आणि पुढे जातो.

सांत्वन मी केलं, तेही न मागितलेलं.

मेसेज करणाऱ्या आईचं म्हणणं मात्र मी झटकून टाकत नाही. वय असतं. पाच वर्षांच्या मुलाला मी गाढव आणि पिरॅमिड एवढंच सांगेन. आम्ही कोडमध्ये रोज हे करतो: वापरणाऱ्याला आतलं सगळं दाखवत नाही, गरजेपुरतं दार ठेवतो. पण त्या दारातून चुकीचं उत्तर पाठवायचं नसतं. पुढचा माणूस त्यावर विसंबून काही बांधतो, आणि कोसळतं तेव्हा आपण तिथे नसतो. मुलाला न सांगितलेली गोष्ट तो पुढे कधी वाचेल आणि म्हणेल, अच्छा, हे राहिलं होतं. खोटी सांगितलेली गोष्ट त्याला उकलेल ती त्याच्या स्वतःच्या एखाद्या वाईट दिवशी. कोणाचं तरी बाळ जाईल, कोणाचे वडील त्या बेडवरून परत येणार नाहीत, आणि तेव्हा 'देवाने जवळ घेतलं' हे वाक्य तपासलं जाईल. शाळा सुटल्यावर बरीच मुलं चर्च सोडतात, माझे कितीतरी मित्र सोडून गेले. विज्ञान शिकून गेले असं पालकांना वाटतं. माझ्या माहितीतले तरी असल्याच एखाद्या वाक्यापाशी गेले.

आणि मुलांना हे भीषण जग मीच दाखवतोय असंही नाही. कंसाचा तुरुंग त्यांना कार्टूनमधून माहीत आहे. आईच्या मोबाईलवर ढिगाऱ्यातून बाळं काढताना त्यांनी पाहिलेलं आहे, अंगठ्याने वर सरकवलेलं आहे. त्यांना जे मिळत नाही ते म्हणजे त्याबद्दल विचारायची जागा. असा प्रश्न विचारल्यावर मोठं माणूस पळून जात नाही एवढं त्यांना दिसलं, तरी मला वाटतं पुरे. मी त्या रविवारी घंटेच्या आधाराने पळालो.

पुढच्या रविवारी हजेरी झाल्यावर मी सांगितलं की मागच्या वेळचं माझं उत्तर चुकलं होतं. मुलांना हे फार आवडलं. सर चुकले हा विषय त्यांना आणखी दहा मिनिटं पुरला असता.

"मग बरोबर काय?" वेण्यांवालीने विचारलं.

"मला माहीत नाही. मत्तयने पण सांगितलेलं नाही. त्याने एवढंच लिहिलंय की त्या आया खूप रडल्या आणि त्यांना कोणी समजावू शकलं नाही."

"त्यांची नावं काय होती?"

"लिहिलेली नाहीत."

तिला हे पटलं नाही. बाजूचा मुलगा म्हणाला, येशू मिसरहून परत आला तेव्हा त्याच्या वयाचं बेथलेहेमात कोणीच नसेल ना खेळायला? मी म्हटलं, म्हणून कदाचित ते नासरेथला राहायला गेले. मत्तय वेगळं कारण देतो, हेरोदाच्या मुलाची भीती. तेही सांगितलं. मग कोणीतरी म्हणालं की येशूला मोठेपणी हे कळलं असेल का, की आपल्यासाठी एवढी मुलं मेली. आणि कळलं तर त्याला कसं वाटलं असेल. अडीच वर्षं शिकवतोय, पण वधस्तंभाबद्दल शिकवताना हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

वर्ग सुटला. तिने दप्तर लावलं आणि दारात थांबून म्हणाली, "फादरना विचारू?"

"विचार."

मी फळा पुसून खाली आलो तेव्हा फादर क्रूसापाशी कोणाशी तरी पार्किंगवरून बोलत होते. ती बाजूला उभी राहून वाट बघत होती, स्केचपेनांचा डबा छातीशी धरून. तो माणूस गेला. तिने काहीतरी विचारलं. फादर आधी हसले, सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने परत विचारलं. मग ते क्रूसाच्या पायरीवर खाली बसले. पासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, मिस्सातही त्यांना वाकताना त्रास होतो. ती पुढ्यात उभी, आता दोघांचे डोळे एका उंचीवर.

मी स्कूटरपाशी बराच वेळ थांबलो. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही.